एकाच सुरातले झोपाळे

एक

झोपाळ्याची एक साखळी अजून वरच्या आडव्या नळीला लटकत होती. दुसरी खाली मातीत वेटोळे घालून पडली होती आणि दोहोंच्या मधली रबरी बैठक एका टोकावर उभी लोंबत होती. काल संध्याकाळी या बैठकीवर नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. झोका पार वर गेलेला असताना वरची कडी तुटली. मुलगी वाचली, मात्र तिचे पाय हलत नव्हते आणि डॉक्टर वाट पाहायला सांगत होते.

उद्यान विभागाला वाट पाहणे मानवणारे नव्हते. कार्यालये उघडायच्या आत त्यांचे पत्रक निघाले. त्यात खेद एका वाक्यात आटोपला होता आणि उरलेला मजकूर विभागाच्या निष्कलंक परंपरेवर खर्च झाला होता. ही परंपरा उपायुक्तांच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेली असे. 'निर्दोष विभाग' अशी अक्षरे कोरलेली ती पितळी ढाल होती. कित्येक वर्षांत विभागाच्या सहा बागांतला एकही झोपाळा तपासणीत नापास झाला नव्हता. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही, तिच्याविषयी कोणत्याही शिक्षकाला शंका आली असती. पण ढाली वाटणाऱ्यांत शिक्षक नसतात.

तपासणी शाखेच्या नव्या प्रमुख मात्र शिक्षकच होत्या. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवले होते. लोखंड कसे थकते, हे त्यांना माणसांपेक्षा बरे कळत असे, आणि माणसांविषयी त्यांचे मत लोखंडापेक्षा वाईट होते. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत.

तळ्याकाठच्या त्या बागेत उपायुक्तसाहेबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली तुटलेली कडी बाईंच्या हाती ठेवली. अंगठ्याएवढी जाड असायला हवी ती कडी तुटल्या जागी काडेपेटीतल्या काडीएवढी उरली होती. इतकी झीज व्हायला वर्षे लागतात, आणि निरीक्षकाने तर तीनच दिवसांपूर्वी हा झोपाळा सुरक्षित ठरवला होता. साहेबांच्या मते प्रकरण सरळ होते. निरीक्षकाला निलंबित केलेले होते आणि बागा तोवर बंद होत्या. उद्या दुपारी सुनावणी, तिच्यात बडतर्फी, मग पोलिसांकडे तक्रार. बाईंनी फक्त एक पान लिहून द्यायचे.

बागेच्या अधीक्षकांनी त्याला जोड दिली. प्रत्येक तपासणीनंतर निरीक्षक वरचा आकडा आणि त्यात अडकवलेली कडी, अशा दोन्हींवरून पिवळ्या रंगाचा एकच सलग पट्टा ओढतो. पुढे काही हलले, सरकले तर पट्टा तुटतो आणि खालूनही दिसतो. "या कडीवर रंगाचा ठिपका तरी आहे का बघा," अधीक्षक म्हणाले. "माणूस वर चढलाच नाही. चहा प्यायला, सही केली, गेला."

कडीवर खरोखरच रंग नव्हता. बाईंनी शिडी मागवली. वर अजून कुणीच चढून पाहिले नव्हते, कारण दोषी आधीच ठरला होता आणि तो ठरवायला शिडी लागत नाही. त्या चपला काढून चढल्या.

नळीला वेल्डिंग केलेल्या आकड्यावर ताजा पिवळा पट्टा होता. बरोबर अर्धा. जिथे कडी सुरू व्हायची, तिथे तो सुरीने कापावा तसा संपला होता.

म्हणजे निरीक्षक वर चढला होता. त्याने कडी पाहिली होती, तिच्यावर रंगही ओढला होता. मात्र ती ही कडी नव्हती.

दोन

निरीक्षकाच्या घरी जायला विभागाची गाडी मिळाली. तीच गाडी रोज निरीक्षकाला बागाबागांतून फिरवत असे. तिचा ड्रायव्हर सगळ्या विभागाचा मामा होता; अधीक्षकही त्याला मामाच म्हणत. बाई आल्या तेव्हा तो एका फडक्याने दाराची मूठ पुसत होता. गाडीत डोक्यात जाणारा एक उग्र वास होता. बाईंनी काच खाली केली. मामा बोलका होता. निरीक्षकाचे लोकांनी ठेवलेले नाव 'ठोक्या', कारण खिशातल्या हातोडीने तो दिसेल त्या लोखंडावर ठोकून आवाज ऐकतो. माणूस सरळ आहे, पण सरळ माणसाच्या हातूनही चूक होते की नाही, बाई? बाईंनी काच आणखी खाली केली.

दोन खोल्यांच्या त्या घरात सगळे स्क्रू कसलेले होते. दारे करकरत नव्हती, नळ गळत नव्हता. निरीक्षक खुर्चीच्या अगदी कडेवर, दुसऱ्याच्या घरात बसावा तसा बसला होता. त्याच्या बायकोने बाईंपुढे पाणी ठेवले आणि न विचारताच सांगून टाकले, "यांनी न बघता सही केली म्हणतात. लग्न होऊन या घरात आले, त्या दिवशी यांनी आधी पलंग ठोकून बघितला होता. मग मला बसा म्हणाले."

निरीक्षक हसला नाही. त्याने सगळे क्रमाने सांगितले. कोणत्या दिवशी कोणत्या बागेत जायचे, हे तो कुणालाच आधी कळू देत नसे. गाडीत बसल्यावर ठरवायचे आणि तिथल्या तिथे सांगायचे, म्हणजे कुणाला सारवासारव करायला सवड मिळू नये. बागेत पोचल्यावर आधी अधीक्षकांच्या खोलीत आल्याची सही करायची, हा नियम. सही म्हटली की चहा आलाच. मग झोपाळे. मग आतल्या बाजूची घसरगुंडी, सी-सॉ, बाके. तळ्याच्या बागेत कड्या जाडजूड होत्या. त्याने मापाने मोजल्या आणि ठोकून ऐकल्या.

"आवाज कसा होता?" बाईंनी विचारले.

त्याचा चेहरा दिवसात पहिल्यांदाच उजळला. त्याने सांगितले की, या विभागात त्याला सगळ्यांत अभिमान वाटतो तो याचाच. सहाही बागांतले झोपाळे अगदी एका सुरात वाजतात. इतकी सारखी देखभाल त्याने दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती.

बाईंनी ते टिपून घेतले. कुणावर संशय आहे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने बराच वेळ आढेवेढे घेऊन तळ्याच्या बागेतल्या फिटरकडे बोट दाखवले. मागे सी-सॉच्या ढिल्या बोल्टावरून त्याने फिटरला चार लोकांत फैलावर घेतले होते.

निघताना तो दारापर्यंत आला. "नोकरी जाईल ती जाऊ दे, बाई. पण मी न बघता सही केली, असं लिहू नका. त्या मुलीच्या आईनं ते वाचलं तर... मी बघितलं होतं, हे तिला कळायला पाहिजे. मला दुसरं काही नको."

पायऱ्या उतरताना बाईंच्या मनात एकच प्रश्न होता. चांगली कडी काढून तिथे मरायला टेकलेली कडी कोण बसवील, आणि कशासाठी?

तीन

अधीक्षकांकडे उत्तर तयार होते. मघाशी निरीक्षक वर चढलाच नव्हता. आता आकड्यावरचा रंग कळताच तो चढला होता, आणि दुष्टावा मात्र फिटरचा होता. माणसाचे मत इतक्या चपळाईने बदलते तेव्हा त्याला सत्याची नव्हे, निवाऱ्याची गरज असते. अधीक्षकांनी शपथेवर सांगितले की निरीक्षक गेल्यावर त्या झोपाळ्याला त्यांच्या माहितीत कुणी हात लावलेला नाही. सांगताना त्यांचे लक्ष खिडकीबाहेरच्या अवजारांच्या खोलीकडे होते.

त्या खोलीत फिटर एका उपड्या बादलीवर बसून पाना पुसत होता. जुने टायर, गवत कापायचे यंत्र, रंगाचे डबे आणि एका कोपऱ्यात झोपाळ्यांच्या फाटक्या बैठका. चांगली कडी मात्र एकही नव्हती. बाईंनी तसे विचारल्यावर त्याने कानावर हात ठेवले. नव्या कड्या त्याने कधी मागितल्या नव्हत्या आणि कुणी दिल्या नव्हत्या.

"ठोक्यानं माझं नाव घेतलं असणार," तो म्हणाला. "घेऊ दे. त्याला माणसं ठोकून बघता येत नाहीत, तेवढंच एक लोखंड कळतं."

"मग त्यानं बघितलेली कडी कुठं गेली?"

"चोरीला गेली असेल. भंगारवाले फिरतातच."

"चोरानं एक नेली आणि दुसरी बसवून गेला? पाना घेऊन, शिडी लावून? फार सभ्य चोर आहे."

फिटर पुन्हा पाना पुसू लागला. बाई पुन्हा शिडीवर चढल्या, आणि या वेळी एका झोपाळ्यापुरते त्यांनी पाहिले नाही. बाकीच्या पाच बागांप्रमाणे इथेही चार झोपाळे होते, प्रत्येकाला दोन कड्या. आठही आकड्यांवर अर्धा पिवळा पट्टा होता. आठही कड्या कोऱ्या होत्या, आणि आठही कमीजास्त झिजलेल्या.

डूख धरणारा माणूस एक कडी बदलील, फार तर दोन. आठ कड्या बदलायला राग पुरत नाही. त्याला कामाची सवय असावी लागते. फिटरचा दुष्टावा तिथेच निकालात निघाला.

मग बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती तुटकी कडी काढली आणि तिचे दोन तुकडे जुळवून रिकाम्या आकड्यात धरले. आकड्याच्या आतल्या बाजूला एक तिरकी घळ पडलेली होती. कडीवरही तशीच तिरकी घळ होती. दोन्ही एकमेकांत अशा बसल्या की मध्ये कागद गेला नसता. या दोन लोखंडांनी वर्षानुवर्षे एकमेकांना खाल्ले होते.

झिजलेली कडी बाहेरून आलेली नव्हती. ती या झोपाळ्याची जन्माची सोबतीण होती. पाहुणी होती ती चांगली कडी. ती फक्त निरीक्षकापुरती आली होती, आणि त्याची पाठ वळताच निघून गेली होती.

चार

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी विभागाची गाडी मागवली नाही. बसने त्या टेकडीच्या बागेत गेल्या, तिथून कालव्याच्या बागेत. दोन्हीकडे अधीक्षक धावत आले, दोन्हीकडे चहाचा आग्रह झाला, आणि दोन्हीकडे शिडी सापडेना. बाई शिडी सापडेपर्यंत उभ्या राहिल्या.

वर गेल्यावर तेच चित्र. अर्धे पट्टे, कोऱ्या कड्या, जुनी झीज. टेकडीच्या बागेतली एक कडी तर तळ्याच्या बागेतल्या तुटक्या कडीपेक्षाही बारीक होती. तिच्यावर मुले बसत होती आणि ती तुटायची राहिली होती, एवढेच. बाईंनी दोन्ही अधीक्षकांना सांगितले की सारे झोपाळे आत्ताच्या आत्ता वर गुंडाळून ठेवा. दोघांनीही अगदी एकाच नम्रतेने उत्तर दिले की खेळणे बंद करण्याचा अधिकार नियमाने फक्त निरीक्षकाचा असतो, आणि तो तर निलंबित आहे. शाखाप्रमुखांनी अहवाल द्यावा. साहेब आज संध्याकाळी बागा उघडणार आहेत, त्याआधी मिळाला तर बरे.

बाई एका बाकावर बसल्या. समोर गुलाबांच्या वाफ्यांना बाहेरून सुबक विटा लावलेल्या होत्या आणि त्यांना पांढरा रंगही होता. देखभाल करायची म्हटली की या विभागाला ती चांगली जमत होती.

प्रत्येक बागेत निरीक्षकाला चांगल्या कड्या दिसल्या होत्या. त्या प्रत्येक बागेच्या स्वतःच्या असत्या, तर काढून ठेवायचे कारण काय? विकत आणलेल्या चांगल्या कड्या कुलपात ठेवून झिजलेल्या टांगणे हा वेडेपणा सहा अधीक्षकांना एकदम होत नाही. म्हणजे बागांकडे चांगल्या कड्या नव्हत्या. आणि निरीक्षकाला जो एकच सूर सगळीकडे ऐकू येत होता, तो देखभालीचा नव्हताच. एकाच भट्टीतून निघालेल्या दोन कड्याही अगदी सारख्या वाजत नाहीत. सहा बागांत आठ कड्यांचा तोच सूर येत असेल, तर त्या त्याच आठ कड्या आहेत. त्याने सहा बागा तपासल्या नव्हत्या. एकच संच सहा वेळा तपासला होता, आणि त्याच्या सारखेपणाचा त्याला अभिमान वाटला होता.

इथवर नीट जुळत होते. पुढचे मात्र अडत होते. आज कोणती बाग, हे निरीक्षक गाडीत बसल्यावर ठरवत होता. आधी कुणालाच माहीत नसे. मग तो संच दर वेळी त्याच्या आधी त्याच बागेत कसा पोचत होता?

तो आधी पोचतच नव्हता. तो निरीक्षकाबरोबर येत होता.

बाईंचा फोन वाजला. साहेब होते. बाईंनी जेवढे सांगायचे तेवढे सांगितले, आणि पलीकडून समाधानाचा एक लांब उसासा आला.

"बघा," साहेब म्हणाले. "म्हणजे शेवटी तोच निघाला."

पाच

तोच असू शकत होता, हे बाईंनी स्वतःशी कबूल केले. हातोडी, रंगाचा डबा, मोजायचे माप असे सगळे तो बरोबर नेत असे. आठ कड्या त्यात कुठेही मावल्या असत्या. अभिमानाने उजळलेला चेहराही माणूस ठरवून आणू शकतो. महाविद्यालयात त्यांनी उत्तरपत्रिका चोरणाऱ्या मुलांचे याहून निरागस चेहरे पाहिले होते.

पण एक गोष्ट त्या तर्कात बसत नव्हती. निरीक्षकाला जर लबाडी करायची असती, तर त्याला चांगल्या कड्यांची गरजच काय होती? त्याचा शब्द हाच निकाल होता. झिजलेल्या कडीकडे बघून 'उत्तम' म्हटले की ती उत्तम झाली असती. शिडी नको, पाना नको, घाम नको. हे एवढे नाटक लागते ते प्रेक्षकासाठी, आणि या नाटकाला प्रेक्षक एकच होता. जो फसवला जात होता, तो फसवणारा नव्हता.

म्हणजे निरीक्षकाबरोबर प्रत्येक बागेत आणखी कुणीतरी जात होते. इतके रोज, इतके नेमाने, की त्याचे नाव कुणी घेतलेच नव्हते.

बाईंनी गाडी मागवली.

मामाने दार उघडून धरले. बाई मागे बसल्या आणि गाडी सुरू करू नका म्हणाल्या. मग त्या वासाबद्दल त्यांनी विचारले. मामाने सांगितले की गाडी पुसायला थोडे थिनर वापरतो.

"थिनरनं गाडी पुसली तर गाडीचा रंग निघतो, मामा. तुमच्या गाडीला एवढासा ओरखडा नाही. थिनरनं तुम्ही कुठला रंग पुसता?"

मामा आरशात बघत होता. बाईंनी उठून बैठक उचलली. खाली गोणपाटात गुंडाळलेल्या आठ कड्या होत्या. चकचकीत, जाडजूड, एका मापाच्या. पैकी एकीच्या पेचाच्या आट्यांत पिवळा रंग किंचित राहून गेला होता.

मग मामाने सगळे सांगितले, आणि सांगताना तो बिथरला नाही. उलट फार दिवसांनी पायातला खडा काढल्यासारखा त्याचा आवाज मोकळा झाला. काही वर्षांपूर्वी नव्या कड्यांचा एक संच नमुना म्हणून आला होता. तो पसंत पडला, पण बाकीची मागणी कुणी पुढे धाडलीच नाही. त्याच सुमारास तपासणी आली. तळ्याच्या बागेचे अधीक्षक म्हणाले, मामा, तेवढा नमुना आजच्या दिवस लावून घेऊ. निरीक्षक आत चहा पीत होते तोवर फिटरने कड्या चढवल्या; ते पलीकडे सी-सॉ बघत होते तोवर उतरवल्या. नंतर दुसरे अधीक्षक म्हणाले, आमच्याकडेही. पुढे कुणी सांगावेही लागेना. गाडी फाटकातून आत आली की फिटर पाना घेऊन उभाच. मागच्या बागेचा रंग मात्र मामाने वाटेत पुसलेला असे. ढाल मिळाली त्या दिवशी मामाने साहेबांना विचारले होते, हा नमुना आता कोठीत जमा करू का?

"काय म्हणाले?"

"गाडीतच असू दे म्हणाले."

बाई कड्या पुन्हा गोणपाटात गुंडाळू लागल्या. मामाला ते सहन झाले नाही. "बाई, तुम्ही लोक 'बंद'ची लाल पट्टी बांधून निघून जाता. ती सोडायला परत कोण येतं? टेकडीवरची छोटी घसरगुंडी बंद केली, तेव्हा माझ्या नातीला दात यायचे होते. आता ती कॉलेजात जाते. घसरगुंडी अजून बंदच आहे. झोपाळेही बंद झाले असते तर पोरांनी खेळायचं कशावर? आम्ही पोरांसाठीच केलं."

"पोरांसाठी नाही केलंत. चांगली कडी निरीक्षकाला आणि झिजलेली पोरांना, ही वाटणी तुम्ही केलीत." बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गातही तो कधी चढत नसे. मुले त्यालाच जास्त भीत. "आता गाडी सुरू करा. सुनावणीला हा नमुना घेऊन जायचा आहे."

सहा

सुनावणी साहेबांच्याच खोलीत होती. ढालीला सकाळी कुणीतरी पितळ चमकवायचा ब्रासो लावलेला दिसत होता. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि लिहून घेणारा कारकून, दुसऱ्या बाजूला निरीक्षक. तळ्याच्या बागेचे अधीक्षक भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी गोणपाट टेबलावर उलगडले आणि जे कळले होते ते ओळीने सांगितले. रंगाचा अर्धा पट्टा. जुळणाऱ्या घळी. सूर. थिनर. नमुना गाडीतच ठेवण्याची सूचनाही त्यांनी वगळली नाही.

निरीक्षक कड्यांकडे बघत होता. मध्येच त्याने खिशातून हातोडी काढली आणि एका कडीवर हलकेच ठोकली. तो सूर खोलीत घुमला आणि विरला. त्याने हातोडी टेबलावर ठेवून दिली. पुन्हा उचलली नाही.

साहेब अनुभवी होते. त्यांनी नाकारण्यात वेळ घालवला नाही. फार दुःखद आहे, ते म्हणाले, पण त्यातले सुखद असे की एका प्रामाणिक माणसावरचा डाग पुसला गेला. निरीक्षकांनी आपले काम चोख केले होते. खाली काही लोकांनी परस्पर काही केले, त्यांची बदली होईल. कड्या आठवडाभरात मागवू. बाईंच्या अहवालात 'आकस्मिक तांत्रिक बिघाड' एवढे पुरे. बाकीचे तपशील लोकांना कळणारही नाहीत आणि पचणारही नाहीत. "तुमचं निलंबन मी याच क्षणी मागे घेतो," ते निरीक्षकाला म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. "लिहा. आत्तापासून पूर्ववत कामावर. संध्याकाळी बागा उघडू."

कारकुनाने लिहिले.

बाईंनी निरीक्षकाकडे पाहिले. काल दारात त्याने जे मागितले होते, ते त्याला मिळाले होते. त्याने न बघता सही केली, असे आता कुणी लिहिणार नव्हते. दुसरा कागद, जो बाईंनी लिहून आणला होता, त्याला इतका सोयीचा नव्हता. त्यात म्हटले होते की गेल्या कित्येक वर्षांतली या विभागातल्या झोपाळ्यांची एकही तपासणी ग्राह्य धरता येत नाही. ज्याला वर्षानुवर्षे फसवता येते, असा माणूस पुढे निरीक्षक राहत नाही. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने नुसते 'होय साहेब' म्हणायचे होते. बाईंना खरे तर तो तसे म्हणेल अशी जवळजवळ खात्री होती. माणसांविषयीचे त्यांचे मत बनायला बरीच वर्षे गेली होती.

"बाईंचा कागद लागू दे," निरीक्षक म्हणाला. "त्यात एक वाक्य घाला. मी प्रत्येक कडी बघितली, असं लिहा. आणि झोपाळा एकही बघितला नाही, असंही लिहा."

साहेबांनी त्याला शांतपणे विचारले की याचा परिणाम काय होईल ते कळते का.

"कळतं. आकड्यातली घळ माझ्या डोळ्यांसमोर होती, दर वेळी. मी कडीला ठोकत बसलो." त्याने कारकुनाकडे पाहिले. "मी कामावर आहे, असं लिहिलंय ना?"

कारकुनाने साहेबांकडे बघत मान डोलावली.

"मग सहाही बागांतले सगळे झोपाळे मी आत्तापासून बंद करतोय. त्याची वेळ लिहा."

साहेब म्हणाले की निलंबन पुन्हा लागू करता येते. बाईंनी त्यांना आठवण करून दिली की ते करता येईल, अगदी लगेच. पण एकदा निरीक्षकाने बंद केलेले खेळणे नव्या तपासणीशिवाय उघडता येत नाही, आणि नव्या तपासणीसाठी निरीक्षक नेमणे हे शाखाप्रमुखांचे काम आहे. नेमणुकीची त्यांना मुळीच घाई नव्हती. नव्या कड्या प्रत्यक्ष टांगलेल्या दिसेपर्यंत तर नव्हतीच. त्यांनी आपला कागद कारकुनापुढे सरकवला. साहेब त्या कागदाकडे बघत राहिले. फाडता आला असता, पण खोलीत माणसे जास्त झाली होती.

निरीक्षक उठला. दोन्ही खिसे रिकामे असलेला माणूस उभा राहतो तसा तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग बाहेर पडला. बाई त्याच्या मागोमाग निघाल्या.

बाहेरच्या अरुंद बोळात बाकावर मुलीची आई बसली होती. रुग्णालयातून ती थेट आली असावी; मांडीवरच्या पिशवीतून मुलीची वही आणि फणी डोकावत होती. निकाल काय लागला, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगणार कोण, हेही ठरलेले नव्हते. बोळाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जिना होता. निरीक्षकाने तिकडे पाहिले नाही. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, आपण कोण ते त्याने सांगितले, आणि मग सगळे सांगितले, गाडीतल्या कड्यांपासून चहापर्यंत. स्वतःसाठी त्याने मध्ये कुठे थांबा घेतला नाही. आई ऐकत होती. तिचे बोट फणीच्या दातांवरून पुढेमागे फिरत होते.

"म्हणजे तुम्ही बघितलं होतं," ती शेवटी म्हणाली. तो आरोप होता की दिलासा, हे तिच्या आवाजावरून बाईंना ओळखता आले नाही. "तुम्ही वर चढून झोपाळा बघितला होता ना?"

बाई थांबल्या. हो म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. दोन दिवस राबून त्यांनीच तो सिद्ध करून दिला होता.

"नाही," तो म्हणाला, आणि झोपाळे वर गुंडाळायला शिडी घ्यायला खाली गेला.